वरातीच्या घोडीला शिंगरू हवे आहे?

आमच्या मच्छीमार नगरातल्या मुलांना घोडा नवा नाही. गेटवेसमोरच्या व्हिक्टोरिया बंद झाल्या, तरी गल्लीत वरात आली की घोडी येतेच. काळा घोड्याला गेले की तिथला स्वार नसलेला पुतळाही दिसतो. पण पाचवीच्या वर्गात प्राण्यांच्या पिल्लांची नावे विचारली तेव्हा गाईचे वासरू, शेळीचे करडू, म्हशीचे रेडकू इथपर्यंत गाडी ठीक चालली आणि घोड्यापाशी अडली. एका मुलीने घरच्या उर्दूतला 'बछेरा' सांगितला. मराठीतले 'शिंगरू' कोणालाच आले नाही. येणार कसे? मुंबईत शिंगरू दिसतच नाही. या शहरात घोडा येतो तो तयार होऊन, पाठीवर खोगीर घेऊन. त्याआधीची तीन-चार वर्षे तो कुठे होता, त्याची आई कशी होती, हे कोणी विचारत नाही.

मलाही विचारण्याचे कारण नव्हते. पण ओळखीच्या एका घरात हा प्रश्न उभा राहिला. घरातले अब्बा तीस वर्षे व्हिक्टोरिया हाकत होते. 8 जून 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या या मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षाची मुदत दिली. गाडी गेली, धंदा गेला. आता मुलाकडे वरातीची एक घोडी आहे, ती पनवेलजवळ नातेवाइकांच्या वाडीत असते. यंदा तिला घोडा दाखवायचा आणि शिंगरू वाढवून विकायचे असा बेत ठरला. मुलाची अम्मी मला म्हणाली, "टीचर, तुम्ही जरा सोबत चला. डॉक्टर अर्धे इंग्रजीत बोलतो, आम्हाला कळत नाही." मी दुभाषी म्हणून गेले आणि घरी येऊन वाचत बसले. त्यातून जे हाती लागले ते या महिन्याच्या पानावर.

बेतामागे सारंगखेडा होते, हे सांगायला नकोच. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. दर डिसेंबरला वर्तमानपत्रात एखाद्या घोड्याचा फोटो येतो आणि खाली लाखांचा आकडा. तो आकडा घराघरात पोहोचतो. न विकता टेम्पोत परत चढवलेल्या घोड्यांचा फोटो कोणी छापत नाही. बाजारात मोल होते ते उंचीचे, पांढऱ्या रंगाचे, आत वळलेल्या कानांचे आणि अंगावरच्या भोवऱ्यांचे. अमुक जागी भोवरा असला तर घोडा भाग्याचा, तमुक जागी असला तर मालकाला खाणारा! उर्दू शिकवणाऱ्या मला याचे नवल वाटले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस शायर रंगीन यांनी उर्दूत 'फरसनामा' लिहिला, त्यातही भोवऱ्यांचे शुभाशुभ आहेच. पण त्या जुन्या लोकांना घोड्याचे पाय, छाती, दात, आजार यांचीही पारख होती. आपण भोवरे तेवढे ठेवले आणि बाकीचे विसरलो.

डॉक्टरांनी घोडीचा भोवरा पाहिला नाही. त्यांनी तिला सपाट जमिनीवर सरळ चालवायला लावले, मग दुडक्या चालीने पळवले, आणि मागे उभे राहून पाय पाहत राहिले. नंतर वय विचारले, आधी कधी व्याली का ते विचारले, आणि वरातीत बँडच्या आवाजाला ती बुजते का, चावते का, हेही विचारले. पायाची ठेवण बिघडलेली असेल, श्वास लागत असेल, स्वभाव भित्रा असेल, तर ते पोटी उतरण्याची शक्यता मोठी. नर कितीही देखणा आणला तरी शिंगराचा अर्धा वाटा आईचा असतो. शिवाय वाढायला लागल्यावर ते तिच्याच सोबत राहून शिकते, म्हणून मला तर तो अर्ध्याहून जास्त वाटतो. आणि नराबद्दल आपण काय विचारतो? फक्त फी किती. तो या घोडीचा भाऊ किंवा बाप तर नाही ना, हे विचारायला हवे. एकाच नामी घोड्याची पोरे आसपासच्या सगळ्या तबेल्यांत असली की दोन-तीन पिढ्यांत नाते जवळ येते आणि दोष वर येतात.

शर्यतीच्या घोड्यांत हे लपत नाही. त्यांची वंशनोंद ठेवणारे स्टड बुक असते, आणि शिंगराचे आईबाप डीएनए तपासूनच त्यात लिहिले जातात. शर्यतीवरचा सट्टा हराम आहे, त्याची तरफदारी मी करत नाही. पण नोंदवही ठेवण्याची ती शिस्त वरातीच्या घोड्यांच्या मालकांनी उचलली तर कोणाचे काय बिघडेल? साध्या शंभर पानी वहीतही ती मावते.

आता घोडीच्या बाजूने पाहू. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. ती दीड-दोन वर्षांची असतानाच माजावर येऊ शकते, पण तेव्हा ती स्वतःच वाढत असते. तीन-चार वर्षांची होईपर्यंत थांबणेच बरे. लागल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण जुळे राहिले तर घोडीला ते बहुधा निभावत नाही. गाभ पडतो किंवा दोन्ही शिंगरे दुबळी होतात. लवकर कळले तर डॉक्टर इलाज करू शकतात. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातले शिंगरू झपाट्याने वाढते. नेमकी तेव्हाच लग्नसराई आली तर? ही गोष्ट घरच्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. पोट उतरलेल्या घोडीवर नवरदेव बसवून रात्री अकरापर्यंत डीजेसमोर नाचवणे हा जुलूम आहे. म्हणजे एका हंगामाची कमाई जाणार. मग व्याल्यावर दूध पाजण्याचे महिने आहेतच.

घोड्या बहुधा रात्री वितात, सगळीकडे शांत झाले की. डॉक्टरांनी एक-दोन-तीनचा हिशेब सांगितला, तो मी मुलाला वहीत लिहून दिला. एका तासात शिंगराने उभे राहायला हवे, दोन तासांत आचळाला लागायला हवे, तीन तासांत घोडीची वार पडायला हवी. यातले एकही चुकले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरला फोन. आपल्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढणारी काही शक्ती मिळते. शिंगराला ती जवळजवळ मिळतच नाही, सगळी चिकातून मिळते. तीही पहिल्या काही तासांतच. चोवीस तास उलटले की त्याच्या आतड्याला ती शोषता येत नाही. म्हणून आपल्याकडे चीक काढून खरवस करण्याची जी हौस असते ती इथे अजिबात नको. नाळ ब्लेडने कापू नये, उठताना ती आपोआप तुटते. मग तिच्यावर डॉक्टरांनी दिलेले आयोडीन लावायचे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून विण्याच्या महिना-दीड महिना आधी घोडीला त्याची लस द्यायची. तिची शक्ती चिकातून शिंगराला पोचते.

पुढची चूक खाण्यात होते, आणि ती प्रेमापोटी होते. शिंगरू लवकर भरावे म्हणून चंदी वाढवतात, चणे आणि गव्हाचा कोंडा भरपूर घालतात. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम फार कमी. रोज कोंड्यावरच वाढलेल्या घोड्याचे शरीर मग कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढते. जबडा सुजतो, पाय लंगडतात. बाहेरून तुकतुकीत आणि आतून ठिसूळ. शिंगराला खरी गरज चांगल्या गवताची, क्षारांची आणि पळायला मोकळ्या जागेची. दूध चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तोडावे, तेही हळूहळू. आणि पाठीवर माणूस? गुडघ्याची हाडे दोन-अडीच वर्षांपर्यंत जुळत असतात, पाठीच्या मणक्यांना तर पाच-सहा वर्षे लागतात. शर्यतीत दोन वर्षांचे घोडे पळवतात म्हणून आपणही बसवावे, हे बरोबर नाही.

याउलट भीमथडीची घोडी पाहा. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या धनगरांच्या वाड्यांबरोबर ही बुटकी, काटक घोडी बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतात. शिंगरू आईच्या मागे मागे मैलोन् मैल जाते. ना उंची, ना झगमग, पण टाप लोखंडासारखी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवले. कामातून पारखलेले जनावर कसे असते हे कळायला मला सारंगखेड्यापेक्षा हा कळप जास्त उपयोगी वाटतो.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. धंदा तेवढा जगेलच असे नाही, व्हिक्टोरियाने ते दाखवून दिले. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरची औषधे बनत. तेच आपण का बनवू नये, या विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सर्पदंशाचे औषध आजही घोड्याच्या रक्तापासूनच होते. पण प्रत्येक घोड्याला असे ठिकाण मिळत नाही. आणि दर दोन शिंगरांत एक नर निघतो. वरातीला मागणी घोडीची. मग नर शिंगराचे काय, हे मी विचारले तेव्हा घरात सगळे गप्प झाले. त्याला वेळेवर खच्ची करून शांत कामाला तयार करता येते, पण त्याचा खर्च आणि तोपर्यंतची चंदी कोणी तरी भरायला हवी.

ज्यांच्या घरी असा बेत असेल त्यांनी घोडा दाखवण्याआधी घोडीचे आणि नराचे रक्त ग्लँडर्ससाठी तपासून घ्यावे. हा रोग माणसालाही होतो, जीवही जातो, आणि 2009 च्या प्राणीरोग कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवावाच लागतो. नराचा मालक दाखला द्यायला कुरकुरला तर दुसरा नर शोधावा. मुंबईकरांना विचारायला परळ आहे. 1886 पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याच आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. रिक्षा-टॅक्सीवाल्याला एवढे लांब नाव सांगू नका, बैलघोडा हॉस्पिटल म्हणा.