फुलं भरपूर, पपई एकही नाही!

बालमित्रांनो,

गेल्या वर्षीची गोष्ट. जत तालुक्यातल्या आमच्या वाडीवरची शाळा सुटली, तरी चौथीतली एक मुलगी दप्तर धरून तशीच उभी. डोळे भरलेले.

"बाई, आबा माझी पपई तोडणार हायत. म्हणत्यात, नुसतं पाणी पितीया, फळ एक न्हाई."

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी. भांडी विसळलेलं पाणी घालघालून पोरीनं ते झाड वाढवलं होतं. मी बघायला गेले. झाड कसं तरतरीत! लांब देठांवर बारीक फुलांचे घोस लोंबत होते. बघताक्षणी कळलं, हे तर नराचं झाड!

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी, दोन्ही फुलं येतात. पण पपईच्या वॉशिंग्टनसारख्या जुन्या जातींत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मादीचं फूल मोठं, खोडाला लागून येतं. नराचे पराग वाऱ्याबरोबर किंवा कीटकांच्या अंगाला लागून तिथं पोचले, की फळ धरतं. बागेत १० ते २० मादी झाडांना एक नर पुरतो. रोप लहान असताना मात्र काहीच ओळखू येत नाही. फुलं येईपर्यंत चार-सहा महिने वाट बघायची!

मग परसात एकाच झाडापुरती जागा असेल तर? त्यासाठी तिसरं फूल कामाला येतं, ते उभयलिंगी. त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्रच असतात. रेड लेडी (तैवान ७८६) किंवा कूर्ग हनी ड्यू या जातींत नराची झाडं नसतात. काही मादी, काही उभयलिंगी. उभयलिंगी झाड एकटंही फळतं, त्याचं फळ लांबट असतं. म्हणून जातीचं नाव विचारून दोन-तीन रोपं आणा, एकाच खड्ड्यात लावा. फुलं आली की उभयलिंगी ठेवा, बाकीची काढा. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, झाड कुजतं. आणि रेड लेडीच्या फळातलं बी लावू नका. ते संकरित वाण आहे, लेकरं आईसारखी निघतीलच असं नाही.

ही अडचण एकट्या पपईची नाही बरं का! थंड मुलखातल्या गोड चेरीच्या बहुतेक जातींना शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतंच. १९६८ साली कॅनडात 'स्टेला' ही एकटीच फळणारी चेरी आली, तेव्हा छोट्या बागवाल्यांची सोय झाली.

हो, आपल्या पपईचं काय झालं? मी आबांना म्हटलं, "शेजारच्या काकूंच्या पपईला फळं लागलीत ना? त्यात तुमच्या झाडाचाही वाटा असणार."

आबा जरा वेळ गप्प राहिले. मग कुऱ्हाड आत नेऊन ठेवली. पुढं काकूंनी पहिली पिकलेली पपई मुद्दाम त्यांच्याच घरी धाडली. पोरगी दुसऱ्या दिवशी एक फोड डब्यातून माझ्यासाठी घेऊन आली!

तुमच्या दारातली पपई कोणती? फुलं नीट बघा आणि पत्रानं कळवा.

तुमच्या,
बाई