रांगेतलं आधार कार्ड

आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात पाण्याचा विषय मागे पडला. नळाला पाणी कधी सुटणार, हा तिथला रोजचा जप या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. या वेळी वाद पेटला तो ग्रुप कुठल्या ॲपवर न्यायचा यावरून. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, अरट्टई घ्या, आपल्या देशाचं आहे. त्यांचा नातू सिग्नलवर अडून बसला. टेलिग्रामचं नावही निघालं.

थोडक्यात सांगते. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, तेही सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर. मजकूर कंपनीला वाचता येत नाही. कोण कुणाशी कधी बोललं, हे मात्र कळू शकतं. सिग्नल ना-नफा संस्था चालवते आणि तेवढीही माहिती जवळजवळ ठेवतच नाही. टेलिग्रामचे ग्रुप असे एन्क्रिप्टेड नसतातच. चेन्नईच्या झोहोचं अरट्टई २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गाजलं, तेव्हा त्याचे कॉल सुरक्षित होते, साधे संदेश नव्हते. माझं मत नातवाच्या बाजूनं.

पण ग्रुपवर हा वाद पेटला त्याच दिवशी मी औरंगपुऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. काउंटरवर मोबाईल नंबर चिकटवलेला. "ताई, यावर टाका, प्रिंट काढतो." समोरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच होतं आणि डाव्या बाजूला अनोळखी नंबरांची रांग: कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाचा सातबारा, एका बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. रिपोर्टवरचं नाव मला काउंटरच्या अलीकडून वाचता आलं. त्या बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

मला राहवलं नाही. दुकानदाराला विचारलं, हे सगळं पुसता कधी? "कधी कोणी मागितलं तर परत लागतं म्हणून राहू देतो," तो म्हणाला. माणूस भला आहे, कामाला तत्पर आहे. त्याच्या मनात काही वाईट नाही. पण रात्री त्या कॉम्प्युटरवर कोण बसतं, तो दुरुस्तीला कुठं जातो, हे कुणाला माहीत? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना गावोगावच्या बायकांनी आधार आणि पासबुकाचे फोटो असेच कुणाकुणाच्या मोबाईलवर पाठवले. त्यातले कितीतरी अजून तिथंच पडून असतील. एन्क्रिप्शन वाटेत कुणाला डोकावू देत नाही, पण पोहोचलेल्या कागदाचं ते काहीच करू शकत नाही.

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. तो त्या नातवाचा आहे, तेवढाच रांगेतल्या त्या बाईंचाही आहे. त्यांना ॲप बदलायला सांगून काय उपयोग? त्यांना तासाभरात प्रिंट घेऊन दवाखाना गाठायचा असतो.

म्हणून शहरातल्या झेरॉक्सवाल्या सगळ्या दादांना कळकळीची विनंती: दुकान बंद करताना दिवसभराचे चॅट आणि डाउनलोड झालेल्या फाइली, दोन्ही पुसा. आणि वाचकहो, जिथं चालतं तिथं यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळणारं मास्क्ड आधार द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट हातात आली की "दादा, आता डिलीट करा" असं म्हणा आणि ते होईपर्यंत काउंटर सोडू नका.