वंशवृक्षातली बिनपुराव्याची नाती

सामायिक ऑनलाइन वंशवृक्षात एका माणसाचे पान एकच असते आणि ते सगळ्या नातलगांनी मिळून राखायचे असते. २००७ मध्ये सुरू झालेली जेनी, २००८ मधली विकिट्री आणि फॅमिलीसर्चचा वंशवृक्ष याच पद्धतीने चालतात. पुण्यातल्या काकांनी आजोबांची जन्मतारीख भरली की ती टोरंटोतल्या पुतणीला दिसते. तिने पणजीचे माहेर लिहिले की ते पुण्यात दिसते. चूकही याच वाटेने पसरते. कोणी तरी खापरपणजोबांना भलताच बाप जोडतो आणि त्यांच्या सगळ्या वंशजांचे पूर्वज एका क्लिकसरशी बदलतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

तारीख चुकली तर एका माणसापुरते नुकसान होते. नाते चुकले तर त्याच्या वरची अख्खी फांदी परक्या कुळातली येते. अशा जोडणीत दोन्ही माणसे सहसा खरी असतात, दोघांची नावे जुन्या कागदांत सापडतात. पुरावा नसतो तो दोघांना सांधणाऱ्या रेषेला. म्हणून पानावर कागद जोडलेला आहे एवढे पाहून भागत नाही. वडिलांच्या पानावर इनामाची सनद आहे, मुलाच्या पानावर मृत्यूचा दाखला आहे आणि हा त्याचा मुलगा असे दोन्हींत कुठेच म्हटलेले नाही, हा प्रकार पावलोपावली आढळतो.

या जोडण्या बहुतेक भाबडेपणाने होतात. नाव, गाव आणि साल जुळले की साइट स्वतःच ‘हेच तुमचे पूर्वज का?’ असे सुचवते आणि माणूस हौसेने होकार देतो. मग दुसरा त्याचे झाड उतरवून घेतो, तिसरा दुसऱ्याचे. तेच नाते तीस झाडांत दिसू लागले की इतके जण चुकतील कसे, असे नव्याने आलेल्याला वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो, आणि त्यानेही कागद पाहिलेला नसतो. क्वचित मुळातच लबाडी असते. गुस्ताव्ह आंजू (१८६३–१९४२) या अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्वीडिश गृहस्थाने श्रीमंत गिऱ्हाइकांना पैसे घेऊन भारदस्त वंशावळी रचून दिल्या. त्या ग्रंथालयांत जाऊन बसल्या आणि तिथून आजही ऑनलाइन झाडांत उतरतात.

मराठी घराण्यांत चुकायला वेगळी कारणे पुष्कळ आहेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे एकाआड एक पिढीत तीच नावे येतात. पेशव्यांचेच पाहावे: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे चिरंजीव बाजीराव बल्लाळ, त्यांचे चिरंजीव पुन्हा बाळाजी. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव हे रघुनाथरावांचे पुत्र, म्हणजे पहिल्या बाजीरावांचे नातू. पेशव्यांच्या बाबतीत कोणी गोंधळत नाही, कारण त्यांचा इतिहास छापलेला आहे. कोकणातल्या एखाद्या साध्या घरात असेच दोन बाळाजी आणि दोन बाजीराव असले तर ते एका पानावर एकत्र व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी मधले नाव, म्हणजे बापाचे नाव, हाच आधार. आणि नेमके तेच अनेक झाडांत गाळलेले असते.

आडनावावर तर मुळीच विसंबता येत नाही. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनांवरून आलेली आडनावे. शेजारच्या दोन गावांतल्या दोन कुलकर्ण्यांचे गोत्र वेगळे, कुलदैवत वेगळे, कित्येकदा जातही वेगळी. गोव्यात धर्मांतरितांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळे, त्यामुळे एकाच चर्चच्या वहीतली सारख्या आडनावांची घरे एकमेकांची भाऊबंद असतीलच असे नाही. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. तिथे कित्येकदा मजुराचे स्वतःचेच नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले, तेव्हा गावाकडचे आडनाव घेऊन शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, किंवा नको ते सापडते. तिथला भरवशाचा आधार म्हणजे मजुराचा नोंदणी क्रमांक. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या नोंदवह्या जपलेल्या आहेत.

बायकांची पंचाईत याहून मोठी. लग्नात नाव बदलले की एकाच बाईची दोन पाने तयार होतात, किंवा दोन बायका एका पानावर येतात. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी येथे, त्यांना आपली मुलगी मानणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या आहेत. एका जागेत पुरलेले सगळे एका रक्ताचे असे धरून चालणारा उत्साही संशोधक या मराठी डॉक्टरीणबाईंना कार्पेंटरांच्या झाडात सहज बसवील.

सालांचा घोळ वेगळा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षअखेरीच्या महिन्यांत, इसवी साल बदलल्यावर, ७९ मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठातला, म्हणून १६७४. शिवजन्म शके १५५१ च्या फाल्गुनातला, म्हणून १६३०. जुन्या मोडी कागदांत याशिवाय शुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि फसली येतो, त्यात ५९० किंवा ५९१. कोणी शके १७५२ हे साल इसवी म्हणून भरले तर नातू आजोबांच्या बरोबरीचा होतो आणि मग त्याला शोभेल असा बाप शोधला जातो. अनेक खोटी नाती अशी, एक साल सांभाळण्यासाठी जन्माला आलेली असतात.

दत्तकाचा विषय सर्वांत नाजूक. सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे कवळाण्याच्या काशीरावांचे पुत्र गोपाळराव. १८७५ मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. दोन्ही नाती खरी आहेत आणि झाडात दोन्ही हवीत, फक्त कोणते जन्माचे आणि कोणते दत्तकाचे हे लिहिलेले हवे. सामायिक झाडांत नात्याचा प्रकार नोंदवायची सोय असते; ती न वापरल्यामुळे एका मुलाला दोन सख्खे बाप दिसतात आणि मग कोणी तरी त्यातला एक ‘दुरुस्ती’ म्हणून काढून टाकतो.

सातारच्या रामराजांचे प्रकरण याहून अवघड आहे. छत्रपती शाहूंना पुत्र नव्हता. तेव्हा त्यांच्या चुलती ताराबाईंनी आपला एक नातू, दुसऱ्या शिवाजीचा मुलगा, लहानपणापासून गुप्तपणे वाढवला असल्याचे सांगितले. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू वारले आणि १७५० च्या आरंभी हे रामराजे गादीवर बसले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा माझा नातू नव्हेच असे जाहीर केले. १७५२ मध्ये त्यांनी जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथही घेतली. एकाच साक्षीदाराच्या परस्परविरुद्ध दोन जबान्या, आणि दोन्ही वेळा राजकारणाची गरज उघड. रामराजे मात्र १७७७ पर्यंत छत्रपती होते आणि त्यांनी वावीच्या भोसल्यांकडून घेतलेल्या दत्तकाने गादी पुढे चालली. झाडात याची नोंद करायची तर नाते ‘अनिश्चित’ म्हणून ठेवावे, दोन्ही जबान्या आपापल्या सालांसह खाली लिहाव्यात, आणि गादीचा वारसा रक्ताच्या नात्यापासून वेगळा दाखवावा. ताराबाईंचे पहिले म्हणणे खरे की दुसरे, याचा निकाल वंशवृक्षाच्या चौकटीत लागत नाही. तो तिथे लावण्याचा आग्रहही धरू नये.

पुरावा तोलताना हे कोणी सांगितले, कधी सांगितले आणि सांगणाऱ्याला ते कसे ठाऊक, एवढे विचारावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या या कसोटीला चांगल्या उतरतात. यात्रेकरू स्वतः आपले, बापाचे, आजाचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगतो आणि खाली सही करतो. स्वतःच्या तीन पिढ्यांबद्दल माणूस क्वचितच चुकतो. त्याच्याही वरच्या पिढ्या मात्र त्याने ऐकलेल्याच असतात, म्हणून तिथे नामावळीचे वजन कमी धरावे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची चित्रे फॅमिलीसर्चवर आहेत, पण घरचे पान हुडकायला अजूनही उपाध्यायांचीच मदत लागते.

जमिनीचे कागद भरवशाचे खरे, पण ते वाचायचे कसे हे कळले पाहिजे. वारसाच्या फेरफारात मयत खातेदार, मृत्यूची तारीख, वारसांची नावे आणि नाती असतात, इतकी स्पष्ट कौटुंबिक नोंद दुसरीकडे क्वचित मिळते. मात्र थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे असेल तर धाकटे भाऊ त्या नोंदीत दिसणारच नाहीत. मुलींची नावे अनेकदा ‘इतर हक्कात’ जातात. नोंद दिसली नाही म्हणून मूलच नव्हते, असा निष्कर्ष काढून जोडलेली नातीही बिनपुराव्याचीच. छापील कुलवृत्तांत दुय्यम साधन आहेत, तरी त्यांच्या संपादकांची एक सवय वाखाणण्याजोगी: जोड न लागलेली घराणी ते सरळ वेगळी छापतात. ऑनलाइन झाडाला मोकळी जागा सहन होत नाही, ती भरण्यासाठी ते सारखे टोचत राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे ‘त्यांचे आपले सुतक आहे’ हे म्हणणेही टिपून ठेवावे. भाऊबंद असल्याची समजूत त्यातून सिद्ध होते, नेमका धागा नाही.

डीएनए चाचणीकडून अनेकांची अपेक्षा अवाजवी असते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के अंश समान असतो, त्यामुळे जवळचे नाते ती छान पारखते. पण खापरपणजोबा समान असलेल्या दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत काहीच जुळत नाही. शिवाय मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक समाजांत असल्यामुळे जुळणारा अंश फुगतो आणि दूरचा नातलग जवळचा भासतो. तीच रीत झाडातही उमटते. एकच पणजोबा दोन बाजूंनी आले की साइट चुकीचा इशारा देते, आणि इशारा पाहून खरे नाते तोडणारेही भेटतात. दत्तक भाऊबंदांतूनच घेतलेला असला तर पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारे वाय गुणसूत्र तेच राहते, म्हणजे त्या चाचणीला दत्तकाचा मागमूसही लागत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी पानाचा बदल-इतिहास उघडावा. नाते कोणी, कधी, कशाच्या आधारे जोडले ते तिथे दिसते. आधार म्हणून दुसऱ्या झाडाचे नाव असेल तर तिथवर जावे, मग त्याच्या आधारापर्यंत. बहुधा दोन-तीन पायऱ्यांतच वाट संपते. मग जोडणाऱ्याला निरोप पाठवावा, आणि तो विचारणा करणारा असावा. काकांनी रात्री जागून बांधलेल्या झाडावर पुतण्याने ‘हे सगळे चूक आहे’ असे लिहिले की पुढचा पुरावा कोणी वाचत नाही. शिवाय काकांकडे खरोखरच एखादा जुना कागद असू शकतो, जो त्यांनी कधी स्कॅन केलेला नाही. दोन-चार आठवडे वाट पाहून उत्तर आले नाही तर पुढे जावे.

तोडायचे ते नाते. माणसाचे पान पुसू नये. तो माणूस कोणाचा तरी खरा पूर्वज असतो. दोन माणसे एका पानावर एकत्र झाली असतील तर काम किचकट होते: प्रत्येक तारीख, प्रत्येक बायको, प्रत्येक मूल कोणाचे ते निवडून वेगळे करावे लागते. कारणाच्या रकान्यात ‘चूक होती’ असे लिहून काही साधत नाही. ‘जोडलेल्या वडिलांचा मृत्यू मुलाच्या जन्माआधी चार वर्षे झाल्याचे फेरफारात आहे, नामावळीत मुलाने स्वतः दिलेले वडिलांचे नाव वेगळे आहे’ असे लिहिले तर पुढचा माणूस थबकतो. काढून टाकलेल्या बापाचे नावही ‘हे वडील नव्हेत, कारण…’ म्हणून टिपणात राहू द्यावे. ते गाळले की सहा महिन्यांनी दुसरा उत्साही नातलग तेच नाव नवा शोध म्हणून पुन्हा जोडतो. विकिट्रीत नात्यापुढे ‘अनिश्चित’, ‘खात्रीचे’, ‘डीएनएने सिद्ध’ किंवा ‘जन्माचे नव्हे’ अशी खूण करता येते. फॅमिलीसर्चवर दोन पाने एकाच माणसाची नाहीत असे नोंदवून ठेवता येते. ज्या नात्यावर वारंवार ओढाताण होते ते कुलूपबंद करण्याची सोयही काही ठिकाणी आहे, आणि प्रसिद्ध घराण्यांच्या बाबतीत ती वापरावी लागतेच.

हयात माणसांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. दत्तक, पुनर्विवाह, घरात न बोललेला एखादा जन्म, या गोष्टी दुरुस्त करायच्या असल्या तरी त्या संबंधितांना विचारून, आणि खासगी पानावर. आईचे माहेरचे आडनाव परदेशातल्या काही बँका अजूनही ओळख पटवण्यासाठी विचारतात, हेही उघड झाड भरताना विसरले जाते.

सामायिक झाडात झालेली दुरुस्ती लोकांनी आपापल्या संगणकांवर उतरवून घेतलेल्या प्रतींत, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांत आणि छापून झालेल्या कुलवृत्तांतांत पोचत नाही. तीच जुनी फाइल कोणी नव्याने चढवली की तोडलेले नाते परत उगवते. त्यासाठी दुरुस्त केलेले पान आपल्या पाहणीच्या यादीत ठेवावे, म्हणजे त्यावर झालेला बदल कळतो, आणि कुलवृत्तांताच्या पुढच्या आवृत्तीच्या संपादकांना कारणासह कळवून ठेवावे.