आमच्यातला नव्हता तो!

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. आता पन्नाशीला आलाय, पण गाड्यांचं वेड शाळेत होतं तेवढंच. वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढतो म्हणून माझा मारही खाल्लाय त्याने. आता स्वतःची फोर बाय फोर आहे, आठदहा मित्रांचा गट आहे. रविवारी पहाटे निघून घाटवाटा हिंडून येतात.

त्या दिवशी स्वारी खट्टू होती. कुणा पाहुण्याने समुद्राच्या वाळूत गाडी घातली, भरती आली, गाडी रुतली. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढून काढली. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. "सर, तेव्हापासून आमच्या गाड्या दिसल्या की लोक शिव्या घालतात. पण तो आमच्यातला नव्हता हो!"

मी म्हटलं, "अरे, पण तुमच्यातला म्हणजे कुणातला?"

तो गप्प बसला. मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे.

लोकांचा राग काही खोटा नाही. आपल्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून माणसं ही घरटी जपतायत. वाळूत चाकांचे चर पडले की इवलीशी पिल्लं त्यात अडकतात, समुद्रापर्यंत पोचत नाहीत. रात्री फटाके फुटल्यासारखे वाजणारे सायलेन्सर तर आम्हा म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवतात. अशा वेळी "आम्ही तसे नाही" म्हणून कोण ऐकणार?

मला शाळेतली गोष्ट आठवते. एसटीत मुलांनी दंगा केला की कंडक्टर थेट शाळेत तक्रार घेऊन यायचे. का? तर अंगावर गणवेश होता. आम्हाला खाली मान घालून ऐकून घ्यावं लागे, मग मुलाला बोलावून समज द्यावी लागे. पण त्यामुळेच गावात शाळेची पत होती. तक्रार घेऊन जायला दार होतं. गाडीवेड्यांकडे नेमकं तेच नाही.

संघटना म्हटली की आपल्याकडे आधी हक्क आठवतात. इंग्लंडात १९०५ साली मोटारवाल्यांची संघटना निघाली, तीही वेग पकडणाऱ्या पोलिसांपासून सभासदांना सावध करायला! पण पुढे तिनेच रस्त्यांवर धोक्याच्या नि दिशेच्या पाट्या लावल्या, बंद पडलेल्या गाड्यांना मदत केली. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे काम.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचंच बघा. मुंबईत त्यांची रॅली निघते तेव्हा लोक पोराबाळांना घेऊन बघायला जातात. मोटारी त्याही, वेड तेच, पण कुणी शिव्या देत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. सोबत बंधनही घातलं. ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला काढा. रोजच्या वापराला नाही. मान मिळाला तो मर्यादेसकट मिळाला.

म्हणून मी त्याला सांगितलं, "तुम्ही रीतसर मंडळ काढा. सभासदांची यादी करा. काचेवर मंडळाचं नाव आणि फोन नंबर लावा, म्हणजे तक्रार कुठे करायची ते लोकांना कळेल. वाळूत गाडी घालायची नाही, सायलेन्सर बदलायचा नाही. मोडेल त्याचं नाव कमी, मग तो अध्यक्षाचा मेहुणा का असेना! मग जा आरटीओत, पोलिसांकडे, ग्रामपंचायतीत. तुमचं म्हणणं ऐकून घेतील."

"सर, इतके नियम केले तर कोण येणार?"

प्रश्न बरोबर आहे. थोडेच येतील. बाहेरचे पाहुणे तर तरीही वाळूत गाड्या घालतीलच. सगळ्यांना शिस्त लावणं कुठल्या मंडळाला जमलंय? पण निदान "तो आमच्यातला नव्हता" हे म्हणताना हातात यादी असेल. आज नुसतं तोंडाचं बोलणं आहे.

जाताना म्हणाला, "सर, अध्यक्ष तुम्हीच व्हा." मला साधी सायकलसुद्धा धड येत नाही. पण तक्रारी ऐकून घ्यायची सवय मात्र दांडगी आहे. बघू या!