शनिवारची मायबोली

दार्जिलिंगच्या जुन्या दफनभूमीत एका हंगेरियन विद्वानाची समाधी आहे. कोरोशी चोमा शांदोर हे त्यांचे नाव. आडनाव आधी आणि स्वतःचे नाव शेवटी, ही हंगेरीची रीत. आपल्या मज्यार लोकांचे मूळ आप्त मध्य आशियात कोठेतरी असतील, त्यांना शोधून काढायचे, या एका ध्यासाने ते १८१९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातून निघाले. लडाखपर्यंत पोहोचले, झांस्करमधील झांग्ला येथे एका लामांकडे तिबेटी शिकले आणि १८३४ मध्ये कोलकात्यात त्यांचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. आप्त मात्र सापडले नाहीत. ल्हासाला जाण्यासाठी निघाले असता तराईतील तापाने गाठले आणि १८४२ मध्ये त्यांचा अंत झाला.

हंगेरीच्या सरकारने २०१३ मध्ये परदेशी पांगलेल्या हंगेरियन वस्त्यांकडे तरुण-तरुणींना पाठविण्याची योजना सुरू केली, तेव्हा तिला याच पांथस्थाचे नाव दिले. भाषा शिकवावी, नृत्य शिकवावे, सणवार साजरे करण्यास हातभार लावावा, हे या तरुणांचे काम. पूर्वजांच्या शोधात निघालेल्या माणसाचे नाव वंशजांच्या शोधासाठी!

हे वंशज मोठ्या संख्येने आहेत ते अमेरिकेत. २००० सालच्या तेथील जनगणनेत आपले कूळ हंगेरियन असल्याची नोंद सुमारे १४ लाख लोकांनी केली. घरी हंगेरियन बोलणारे मात्र १ लाख १८ हजारांच्या आसपासच भरले. म्हणजे बारांत जेमतेम एक. १९९० मध्ये हीच संख्या १ लाख ४८ हजारांच्या घरात होती. कूळ सांगण्यासाठी अर्जावरचा एक रकाना पुरतो. भाषेसाठी घरात रोज काहीतरी करावे लागते, आणि नेमके तेच होत नव्हते.

याचे मूळ शोधायचे तर पहिल्या लाटेकडे जावे लागते. १८८० ते १९१४ या काळात गेलेले बहुतेक जण शेतकरी व मजूर. चार पैसे गाठीला बांधून गावी परतायचे आणि जमीन घ्यायची, हा त्यांचा हिशेब. पेनसिल्व्हेनियातील हेझलटन येथे खाणकामगारांनी १८८६ मध्ये परस्पर साहाय्याची मंडळी काढली, कारण खाणीत माणूस गेला तर त्याच्या अंत्यविधीचा खर्च करणारे कोणी नव्हते. क्लीव्हलंडमध्ये १८९२ मध्ये सेंट एलिझाबेथ हे अमेरिकेतील पहिले हंगेरियन कॅथलिक चर्च स्थापन झाले. बकाय रोडच्या परिसरात हंगेरियन खाटीक, हंगेरियन बेकरी, हंगेरियन वृत्तपत्र असे अवघे गावच वसले. बुडापेस्टखालोखाल हंगेरियन लोकांचे सर्वांत मोठे शहर क्लीव्हलंडच, अशी फुशारकी तेथे पिढ्यान्पिढ्या मारली गेली. आकड्यांत ती टिकत नाही. पण अशा फुशारक्यांनीही समाज धरून ठेवला जातो.

त्या गावात भाषा वेगळी शिकवावी लागत नव्हती. ती रस्त्यावरच होती. नेमके हेच घातक ठरले. मुले शिकली, पगार वाढले, कुटुंबे उपनगरांत गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बकाय रोड ओस पडला. चर्च उभे राहिले. पण रस्ता गेला, आणि रस्त्याबरोबर भाषाही गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्यांची गोष्ट निराळी. ते पैशासाठी आलेले नव्हते; परतीचा रस्ता बंद झाला म्हणून आलेले होते. जर्मनीतील निर्वासित छावण्यांतच त्यांनी मुलांची बालवीर पथके उभारली होती. १९४८ मध्ये साम्यवादी राजवटीने हंगेरीतील बालवीर चळवळ मोडून काढली. परदेशातील पथके मात्र चालत राहिली. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा सुमारे २ लाख लोक देशाबाहेर पडले. अमेरिकेत आलेल्या हजारोंचा पहिला मुक्काम न्यू जर्सीतील कॅम्प किल्मर या लष्करी छावणीत होता. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये हंगेरियन वस्ती आधीपासून होतीच. तिला नवे रक्त मिळाले.

या निर्वासितांनी गल्लीवर विसंबून राहण्याऐवजी शनिवार हाती घेतला. दर आठवड्याला हंगेरियन शाळा आणि तिला जोडून बालवीर पथक. पथकात हंगेरियन येणे ही प्रवेशाची अटच. नायक व्हायचे तर हंगेरीचा इतिहास, भूगोल आणि साहित्य यांची परीक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्यातील फिलमोर येथे या चळवळीची स्वतःची छावणीची जागा आहे. तेथे तंबू ठोकण्याच्या आज्ञाही हंगेरियनमधून दिल्या जातात. मुले आपसांत इंग्रजीत कुजबुजतात, हे नायकांनाही ठाऊक असते. तरीही मोठ्याने बोलायचे ते हंगेरियनच.

ही भाषा सोपी नाही. युरोपातील बहुतेक भाषांशी तिचे नाते नाही. फिनिश ही तिची दूरची बहीण. आपण घरचे घरात करतो, तसे तेथे ‘हाज’ म्हणजे घर आणि ‘हाजबॉन’ म्हणजे घरात. असे प्रत्यय एकामागून एक जोडत जायचे. आजीच्या मागे-मागे फिरणाऱ्या नातवाला जेवणखाणापुरते शब्द येतात, त्याला ते लोक स्वयंपाकघरातील भाषा म्हणतात. त्या भाषेत पत्र लिहिता येत नाही, वाद घालता येत नाही. शनिवारची शाळा आहे ती यासाठी.

आणि शनिवारची किंमत द्यावी लागते. वर्गमित्र बेसबॉलच्या मैदानावर असताना आपल्या मुलाला क्रियापदे चालविण्यास नेऊन बसविणे कोणत्या आईला सोपे जाईल? त्यातून वडील आयरिश किंवा इटालियन कुळातील असतील, तर घरात एकच बाजू भाषा बोलणारी. शाळा टिकते की नाही, हे पुष्कळदा गाडी चालवून मुलांना नेणाऱ्या एखाद-दोन मातांवर ठरते.

नृत्याचे तसे नाही. १९७२ मध्ये बुडापेस्टमध्ये लोकनृत्यशाळेची, म्हणजे तान्सहाजची, चळवळ सुरू झाली आणि ती समुद्रापलीकडेही पोहोचली. पायांना व्याकरण लागत नाही, म्हणून भाषा विसरलेली तरुण पोरे तेथे येतात, ही गोष्ट चांगलीच. पण नाचून झाल्यावर घरी इंग्रजीतच बोलायचे असेल, तर उरते ती वेशभूषा. न्यू ब्रन्सविकच्या महोत्सवात गुलाश खाण्यासाठी येणारी गर्दी शाळेत दिसत नाही. त्या गावापासून एडिसन फार दूर नाही. तेथील मराठी घरांना गुलाशाच्या जागी मोदक वाचणे अवघड जाऊ नये.

समाज म्हटला की मतभेद आलेच. मुकुटाचेच पाहा. हंगेरीचा पवित्र मुकुट युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात होता आणि फोर्ट नॉक्समध्ये ठेवलेला होता. १९७८ मध्ये तो बुडापेस्टला परत दिला गेला, तेव्हा राष्ट्राचा मुकुट राष्ट्रात गेला म्हणून काहींना समाधान वाटले, तर साम्यवाद्यांच्या हाती दिला म्हणून अनेक निर्वासित संतापले. दोन्ही बाजूंचे लोक तेवढेच देशप्रेमी.

आता मदत सरकारकडून येते, आणि येथेही सावधगिरी हवी. २०११ पासून परदेशस्थ वंशजांना हंगेरीत न राहताही नागरिकत्व मिळू लागले. त्यासाठीची एक अट म्हणजे भाषा आली पाहिजे. त्यासाठी पन्नाशीतले नातू व्याकरणाची पुस्तके उघडून बसले, हा मोठाच लाभ. परंतु २०१४ पासून अशा नागरिकांना टपालाने मतदानही करता येऊ लागले आणि त्या पहिल्याच निवडणुकीत पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक टपाली मते सत्ताधारी आघाडीला पडली. ही मते प्रामुख्याने रुमानिया-सर्बियातील हंगेरियन लोकांची होती, अमेरिकेतील थोडी. पण शंका सर्वांवरच आली. सरकारे येतात आणि जातात. बुडापेस्टहून आलेला तरुण शिक्षकही काही महिन्यांनी परत जातो. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी शाळेचे कुलूप उघडण्याचे काम पुन्हा गावातल्याच कोणाला तरी करावे लागते.