सनावळी चुकली तरी चालेल, गाणं तोडू नका

ठाणे-डोंबिवलीच्या जाणत्या श्रोत्यांपुढे गायकांवरच्या चित्रपटांचा विषय काढा, निकाल तयार असतो. गाणं ऐकायला ध्वनिमुद्रिका आहेत, चरित्राला पुस्तकं आहेत, मग नटाला पगडी-शेला घालून उभा करायचा कशाला? कल्याण गायन समाजात मांडी ठोकून ख्याल ऐकलेल्या माणसाने नाक मुरडलं तर नवल नाही.

पण हा आक्षेप बालगंधर्वांपाशी येऊन लंगडा पडतो. तबकडीत त्यांची तीन-साडेतीन मिनिटांची पदं उरली. वन्समोअर घेत रात्रभर रंगलेला प्रयोग उरला नाही. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते कॅमेऱ्यापुढे आले १९३५ साली, सत्तेचाळिशीत, तेही एकनाथ म्हणून. १९११च्या ‘मानापमान’ नाटकातली त्यांची भामिनी कुणाच्याच चित्रफितीत नाही. ती बघायची तर कुणीतरी पुन्हा उभी करायलाच हवी. डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधवांनी २०११मध्ये ‘बालगंधर्व’ काढून ती उभी केली.

चेहरा सुबोध भावेचा आणि गळा आनंद भाटेंचा, म्हणून ‘उसनं गाणं’ असंही ऐकू येतं. अहो, लहानपणापासून बालगंधर्वांची पदं गाऊन ‘आनंद गंधर्व’ म्हणवून घेतलेला गळा उसना कसा? राष्ट्रीय पुरस्कारही त्याच गळ्याला मिळाला.

तिसरी तक्रार सनावळीची. दोन वर्षांचं एका दृश्यात कोंबलं, अमुक माणूस तिथे नव्हताच. असेल. मला ते फारसं बोचत नाही. तपशिलाला पुस्तकं आहेतच, हे तुम्हीच म्हणालात. बोचतं ते वेगळंच. आलाप कुठे जमतोय तोच कॅमेरा श्रोत्यांच्या ओल्या डोळ्यांकडे धावतो आणि समेवर यायच्या आत दृश्य बदलतं. गवयाची दारू, कर्ज, घरातलं मरण यांना वेळ मिळतो. गाणं मात्र दोन प्रसंगांमधलं पार्श्वसंगीत होतं. या एका गुन्ह्याला माफी नाही.

म्हणून ‘मी वसंतराव’ मला जवळचा. गायक वसंतराव देशपांड्यांचा नातू राहुल स्वतःच पडद्यावर गातो, एवढंच कारण नाही. वसंतराव चाळिशी उलटेपर्यंत लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. सकाळी फास्ट लोकलला लटकायचं आणि रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दार लोटून तंबोरा जुळवायचा, हे आयुष्य आमच्या डोंबिवलीला कुणी समजावून सांगायला नको. आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’? तो कुणाचं चरित्र नाही, पण आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे खरे गवई त्यात आहेत, बैठकीत मोजकी माणसं आहेत आणि कॅमेरा चक्क गप्प बसून ऐकतो. आमच्या चरित्रपटवाल्यांनी एवढं उचललं तरी पुष्कळ.

ठाण्यात पं. राम मराठ्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मधला कृष्ण, ‘माणूस’मधला चहावाला पोऱ्या, पुढे आग्रा घराण्याची तालीम आणि ‘मंदारमाला’ नाटक: पटकथेला आणखी काय लागतं? त्यांच्यावर उद्या कुणी चित्रपट काढलाच, तर वेशभूषेत खुशाल चुका करा. मध्यंतराआधी एक ख्याल मात्र विलंबितापासून द्रुतापर्यंत अख्खा होऊ द्या. तिकिटाचे पैसे आम्ही त्याचेच देऊ.