शेड्यूल एफएचा धाक कोणाला?

नोव्हेंबर 2024 मध्ये परदेशी मालमत्तेबाबत आयकर खात्याचे एसएमएस-ईमेल सुटले, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत शेड्यूल एफएशिवाय, म्हणजे विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्याशिवाय, दुसरा विषय नाही. तक्रार रास्त आहे. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्याला अमेरिकी मूळ कंपनीचे शेअर मिळतात. ते व्हेस्ट होताच त्यांची किंमत पगारात धरली जाते, टीडीएस कापला जातो, फॉर्म 16 मध्ये सगळे दिसते. तरी सुरुवातीचे मूल्य, वर्षातले सर्वोच्च मूल्य आणि अखेरचे मूल्य काढत बसायचे, तेही प्रत्येक वेळी त्या-त्या तारखेच्या स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने. वर कडी म्हणजे मालमत्ता जानेवारी ते डिसेंबर आणि उत्पन्न एप्रिल ते मार्च. परदेशातून सीआरएसखाली येणारी माहिती कॅलेंडर वर्षाची असते, त्यामुळे पडताळणी सोपी जाते, हे खरे. पण माहिती खात्याच्या हातात आहेच, तर ती विवरणपत्रात आधीच भरून द्यायला काय हरकत आहे?

चूक झाली तर काळा पैसा कायद्याचे कलम 43 आहेच: दंड 10 लाख. 1 ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला सूट मिळाली, हे बरे झाले. पण ज्याचे शेअर 21 लाखांचे आहेत आणि ज्याने त्यांवर पै न पै कर भरला आहे, त्याच्या डोक्यावर जवळपास निम्म्या रकमेची टांगती तलवार तशीच. न दाखवल्याचा दंड ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये कोट्यवधी दडवणाऱ्यालाही तेवढाच. त्याला शिवाय 30 टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड आहे, असे अधिकारी सांगतील. आहे, पण तो सापडला तर. दडवलेली परदेशी मालमत्ता जाहीर करण्यासाठी दिलेल्या 2015 च्या खिडकीत अवघी 644 घोषणापत्रे आली, सुमारे 4,164 कोटींची. पुढच्याच वर्षी पनामा पेपर्स बाहेर आले. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांना त्याचा धाक कितपत वाटला, हे यावरून दिसते.

पण या गैरसोयीच्या आडोशाला आपल्या करसल्लागारांतले काही जण खुशाल बसले आहेत, तेही बोलले पाहिजे. परदेशी शेअर असलेल्या अशिलाचे ‘सहज’ भरून मोकळे व्हायचे, विचारायचेच नाही, ही सल्लागिरी नव्हे. ‘सरकार पैसा उधळते, मग मी का भरू?’ हा अशिलाचा आवडता सवाल. उधळपट्टीवर जरूर बोलावे, मतपेटीतूनही बोलावे. मात्र पैसा बाहेर नेल्याने एकही उधळपट्टी थांबत नाही. बोजा फक्त सरकतो, आणि सरकतो तो टीडीएस कापलेल्या पगारदारावर आणि साबणावरही जीएसटी भरणाऱ्या मोलकरणीवर. विसरलेला आणि लपवलेला यांत कायद्याने फरक करावा, असे आपण म्हणतो. मग तो आधी आपल्या टेबलावर करा. प्रत्येक निवासी अशिलाला परदेशी खाते, शेअर, सहीचा अधिकार यांबद्दल लेखी विचारा. राहून गेले असेल तर मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र भरा. लपवायचेच असेल तर फाइल परत करा. कर पूर्ण भरलेल्यांना दंड नाममात्र असावा आणि मालमत्ता व उत्पन्न दोन्हींसाठी वर्ष एकच असावे, या मागण्या आपण अर्थसंकल्पपूर्व निवेदनात घालत आहोत. नावे गाळून, आकड्यांसह दाखले 20 तारखेपर्यंत पाठवा. नुसत्या तक्रारी नकोत, त्या फायलीत भरपूर आहेत.